पांढरी प्रत

वाकोला, ४ नोव्हेंबर २०२५

सुलक्षणाताई,

"सासऱ्यांना स्वतःला दुकानात घेऊन या" असं मी त्या दिवशी तेजल मेस्त्रींना म्हटलं असतं, तर त्या घेऊन आल्या असत्या का? तीन आठवडे झाले, हा एकच प्रश्न मी उलटसुलट करते आहे. कधी वाटतं, आल्या असत्या. कधी वाटतं, "बरं" म्हणून निघून गेल्या असत्या आणि तेच कानाचं मशीन मोबाइलवरून मागवलं असतं.

तू फोन उचलत नाहीस आणि माझ्या मेसेजखाली एकच बरोबरची खूण येते, म्हणून कागद घेतला. पहिल्या दिवशी मी तुला मॅडम म्हटलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "मॅडम म्हटलंस की माझी शाळेची बाई मागे येऊन उभी राहिली असं वाटतं. ताई म्हण आणि तू म्हण." ती परवानगी अजून आहे असं धरून लिहिते.

शनिवारी दवाखान्याच्या ट्रस्टच्या मीटिंगमध्ये मी तुझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या काचेखाली रक्तदान शिबिराचा फोटो होता, मी तोच बघत बसले. ट्रस्टचे नाना म्हणाले, "यांच्याकडे कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?" तू म्हणालीस, "माझ्याकडे फॉर्मचा फोटो आला नाही, एवढंच आहे." मग तू माझ्याकडे बघितलंस. ते मला न बघताही कळलं.

मी खोटं बोलले असं तुला वाटत असेल, तर मी त्या मीटिंगमध्ये एकही शब्द बोलले नाही. कागद राजेशशेठनी पुढे केला. मेडिकल त्यांचं आहे, मी तिथे नोकरीला आहे.

ताई, आपण वाईट काही करायला निघालो नव्हतो. माझे बाबा सव्वीस वर्षं विमानतळावर सामान चढवून कानाने अधू झाले. "शिवदास बहिरा" म्हणून ओरडणाऱ्या पोरांना मी लहानपणी मारलं आहे. तू त्यांचे कान तपासून मशीन बसवलंस, आणि घरी आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "आपला पंखा बिघडलाय काय?" पंखा दहा वर्षं तसाच वाजत होता. त्या दिवशी मी ठरवलं होतं की वाकोल्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे मिळालं पाहिजे.

तयार मशीन मेडिकलमध्ये चष्म्यासारखं मिळायला लागलं तेव्हा तू घाबरली होतीस. "खोकं विकायला अक्कल लागत नाही," म्हणालीस, "कुणाला विकायचं नाही हे कळायला लागते." म्हणून आपण दोघींनी फॉर्म केला. वयाने हळूहळू कमी झालेलं ऐकू येणं असेल तर दुकानातून मशीन द्यायचं. एकाच कानाचं असेल, अचानक गेलं असेल, कानातून पाणी येत असेल, चक्कर येत असेल, तर मशीन द्यायचं नाही, फॉर्मचा फोटो तुला पाठवायचा आणि तू दोन दिवसांत त्या माणसाला फोन करून दवाखान्यात बोलवायचं. आठ महिन्यांत एकेचाळीस फॉर्म झाले. अकरा माणसं तुझ्याकडे आली. तुला दादू रिक्षावाला आठवतो का? कानातला मळ काढल्यावर म्हणाला होता, "आयला, माझी रिक्षा एवढी वाजते?"

बेचाळिसावा फॉर्म लवू मेस्त्रींचा. डावा कान एका रात्रीत गेला होता. घरच्यांनी आमच्याकडून मशीन नेलं, आणि कानाच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत तीन आठवडे उलटले. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असता तर औषधाने थोडंफार परत आलं असतं कदाचित. आता काही खात्री नाही.

फॉर्मवर "ऑडिओलॉजिस्टकडे पाठवले" या चौकटीत, म्हणजे तुझ्याकडे पाठवलं का तिथे, "हो" अशी खूण आहे. म्हणून, मग मशीन दिलंच कसं हे न विचारता, सगळे म्हणतात की दुकानाने आपलं काम केलं आणि तू फोन केला नाहीस. तुझं दवाखान्यातलं शनिवारचं बसणं त्यांनी थांबवलं आहे आणि २९ तारखेला कायमचं ठरवणार आहेत. दर शनिवारी कान तपासायला तुझ्याकडे येणारी शाळेची मुलं आता कुठे जातात, मला माहीत नाही.

फॉर्मच्या बाबतीत थोडा घोळ झाला होता. तो भेटलीस तर सांगेन.

चेतना


११ नोव्हेंबर

सुलक्षणाताई,

पहिलं पत्र मी टाकलंच नाही. मालाडचा तुझा पत्ता लिहून पाकीट बंद केलं आणि ते पर्समध्येच फिरतंय. "घोळ झाला होता" हे वाक्य मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते वाचून माझीच चीड येते. घोळ आपोआप होत नाही.

घरात एक झालं आहे, ते आधी सांगते.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी राजेशशेठचा फोन आला. मी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभी राहून बोलत होते, बाबा दोन हातांवर खाटेवर पेपर वाचत होते. आमच्या घराची जुनी सवय आहे, बाबांसमोर काहीही बोलायचं. माझी फी, आईचं दुखणं, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं त्यांच्या डोक्यावरून बोललं गेलंय. ते आता मशीन घालतात हे मला माहीत आहे, ते मीच घ्यायला लावलं. तरी माझ्या अंगातून ती सवय गेली नव्हती.

फोन ठेवल्यावर बाबांनी पेपर खाली केला. "कागदावर काय वाढवलंस?"

मी म्हटलं, "कुठे काय? दुकानाचं आहे."

"शेठ म्हणाला, खूण केलीस ते बरं केलंस. कसली खूण?"

"बाबा, तुम्ही कशाला ऐकत बसता?"

असं बोलायला नको होतं. त्यांनी दोन्ही कानांतली मशीनं काढली, डबीत ठेवली, डबी बाबासाहेबांच्या फोटोच्या फळीवर ठेवली. म्हणाले, "बोल आता. तुला मोकळं."

आज अकरा दिवस झाले. बाहेर जाताना घालतात, घरात शिरताना दारातच काढतात. आई म्हणते, "काय बापलेकीचं चाललंय? परत ओरडून ओरडून माझा घसा जातोय." ती ओरडते, बाबा "काय?" म्हणतात आणि मी भाजी चिरत बसते.

आता घोळ.

मेडिकलमध्ये काही औषधांची एक नोंदवही असते. कुठलं औषध, कुणाला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, हे गिऱ्हाईक समोर असतानाच लिहायचं असतं. काउंटरला गर्दी असली की कुणी लिहीत नाही. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा बिलं पुढे ओढायची आणि वही भरून टाकायची. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे शिकले. कॉलेजात असं शिकवत नाहीत, दुकानात असंच शिकवतात. त्यात मला कधी काही गैर वाटलं नाही, कारण बिलावर सगळं असतंच.

आपला फॉर्म मी तसाच भरत होते.

सगळे नाही. सुरुवातीचे वीस-बावीस समोर बसवून विचारले, आईशपथ. मग मशीनची जाहिरात शेठनी बाहेर लावली आणि गर्दी व्हायला लागली. एखादा प्रश्न विचारायचा, माणूस कसा वाटतो ते बघायचं आणि दुपारी बिलं पुढे घेऊन खुणा करायच्या. पण कानाच्या बिलावर काय असतं? मशीनचं नाव आणि पैसे. कान कसा गेला ते बिलावर नसतं.

तेजल मेस्त्री २२ सप्टेंबरला सकाळी आल्या. हातात मुलाचं दप्तर होतं. म्हणाल्या, "सासऱ्यांना ऐकू येत नाही. गिरणीत होते, कापड खात्यात."

मी विचारलं, "दोन्ही कानांनी?"

"तसंच काहीतरी. टीव्ही केवढा मोठा लावतात, बाजूवाले भिंत ठोकतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ मॅडम, गोळ्यांची एक पट्टी घ्यायचीय, रामायण काय लावलंय?" मी मशीन दिलं. दुपारी डबा खाऊन झाल्यावर फॉर्म काढला आणि "दोन्ही" वर खूण केली, "हळूहळू" वर खूण केली. गिरणीतला माणूस म्हणजे कान हळूहळूच गेले असणार. मला वाटलं, मला माहीत आहे. विमानतळावरच्या माणसाची मुलगी आहे ना मी.

"पाठवले" ची चौकट तेव्हा रिकामी होती. रिकामीच असणार, पाठवण्यासारखं काही मी लिहिलंच नव्हतं.

१३ ऑक्टोबरला मिथुन मेस्त्री आले आणि मशीनचं खोकं काउंटरवर आपटलं. "माझ्या बापाचा कान घालवलात." शेठ म्हणाले, "चेतना, फॉर्म दाखव." मी आत गेले. आतल्या टेबलावर पेन होतं. मी "हो" वर खूण केली आणि बाहेर आले. शेठनी सांगितलं नव्हतं, ताई. लोकांना असं वाटेल की मालकाने करायला लावलं. त्यांना नंतर कळलं आणि ते खूश झाले, एवढंच त्यांचं. खूण माझी आहे. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील.

फॉर्मचं पुस्तक तुला माहीत आहे. वर पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, खाली पिवळी दुकानाला, मध्ये कार्बन. मी दुपारी भरायचे म्हणून पांढऱ्या प्रती पुस्तकातच राहायच्या. "हो" ची खूण मी फक्त पिवळीवर केली. पांढरीवर ती नाही. दुसऱ्या दिवशी मी पांढरी फाडून घरी आणली. फेकायची होती. माझ्या पदवीच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवली आहे.

हेही पत्र मी टाकेन की नाही, माहीत नाही.

चेतना


२० नोव्हेंबर

ताई,

काल मी मेस्त्रींच्या घरी गेले. कुणाला न सांगता. दुकानातली म्हणून नाही, तशीच गेले.

पहिल्या मजल्यावरची खोली आहे. बाहेरून लोखंडी जिना, इतका उभा की मलाच कठडा धरावा लागला. दार उघडं होतं. लवूकाका खाली भिंतीला टेकून बसले होते, डावी बाजू भिंतीकडे. त्यांच्याजवळ कापडात बांधलेला मृदंग. तेजलनी मला ओळखलं आणि तोंडच मिटलं. पण दारातल्या माणसाला आत घेतात ती माणसं. म्हणाल्या, "मिथुन कामावर आहेत. बसा. भांडायला आला असाल तर ते सातला येतात."

मी म्हटलं, "भांडायला नाही आले. काकांना भेटायला आले."

"त्यांना भेटून काय करणार? कान घेऊन आलायत काय?"

ते बरोबरच होतं. मी बसले.

त्या मोरीजवळून म्हणाल्या, "बाबा, चाय घेतलाव?" मोरी काकांच्या डावीकडे. काकांनी मान उजवीकडे खिडकीकडे वळवली आणि खिडकीतून कोण बोलतंय ते शोधायला लागले. मग हसले. मला म्हणाले, "आवाज येता, पण खंयसून येता ता समजणा नाय. कोण हाक मारता, मी भलत्याच माणसाक उत्तर देतंय." एका कानावर माणसाला दिशा कळत नाही, हे तू मला शिकवलं होतंस. चित्र काढून दाखवलं होतंस. प्रत्यक्षात मी ते पहिल्यांदा बघितलं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकले आणि विचारलं. जे सात प्रश्न २२ सप्टेंबरला विचारायचे होते ते सगळे, एकेक करून, मोठ्याने. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. एवढं सोपं होतं ते. कधी गेला? "शनवारी. सकाळी उठलंय तर ह्या कानात कोणी कापूस कोंबल्यासारख्या. आणि घंटी वाजता ती वाजताच." आधी? "आधी दोन्ही सारखेच. गिरणीचे कान, अर्धेमुर्धे. पण गणपतीत मी मृदंग वाजवलंय ना. डाव्या पुडीचो आवाज माका बरोबर समजायचो." म्हणजे शनिवारी कान गेला आणि सोमवारी तेजल माझ्यासमोर उभ्या होत्या. दोन दिवस. ताई, फक्त दोन दिवस झाले होते.

मग त्यांनी मला विचारलं, "तू खंयची गो? बापूस काय करता?"

मी सांगितलं. विमानतळ, सामान, कान. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या बापसाक मशीन आसा?"

"आहे."

"घालता?"

मी म्हटलं, "घरात नाही घालत." 

तेजलनी चहा दिला आणि एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. मशीनच्या खोक्यात घालायला मी लिहिलेलं माहितीपत्रक. माझंच अक्षर, झेरॉक्स काढलेलं. त्यातल्या एका ओळीखाली त्यांनी पेनने रेघ मारली होती. "सुरुवातीला आवाज नीट वाटला नाही तरी मशीन काढून ठेवू नका. कानाला सवय व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात."

"आम्ही सगळं ह्याप्रमाणे केलं," त्या म्हणाल्या. "रोज घातलं. ते म्हणायचे, येत नाही गो काही, मी म्हणायचे, बाबा सवय होऊ दे. आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. मिथुनचं आणि माझं भांडण झालं ह्यावरून. ते म्हणायचे डॉक्टरकडे नेऊ, मी म्हणायचे, अहो कागदावर लिहिलंय, एवढं शिकलेल्या मुलीने लिहिलंय."

ते पत्रक तू वाचलं होतंस, तेव्हा बाजूला लिहिलं होतंस की "अजिबातच ऐकू येत नसेल तर लगेच फोन करा" हेही घाल. कागदावर जागा उरली नव्हती म्हणून मी ते शेवटी छोट्या अक्षरात घातलं. झेरॉक्समध्ये ती ओळ अर्धी कापली गेली आहे. मी आठ महिने ते पत्रक वाटत होते, आणि ती ओळ कापली गेली आहे हे मला काल दिसलं.

अजून एक आहे. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनासुद्धा नाही, आणि ते ऐकत असतानाही मी ते कधी बोलले नाही.

तेजलनी फोन केला होता. २८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, दुकानाच्या नंबरवर. मी उचलला. त्या म्हणाल्या, "त्यांना त्या कानाने काहीच येत नाही म्हणतात." "त्या कानाने" म्हणाल्या, ताई. मी ऐकलं ते. एका हाताने कुणालातरी सुटे पैसे देत होते. मी म्हटलं, "सवय होऊ दे, कागद नीट वाचा." आणि फोन ठेवला.

तो आठवा दिवस होता.

काल तेजल त्या फोनबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मी वाट बघत होते की त्या काढतील आणि मग मी माफी मागेन. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना तो फोन म्हणजे माझी चूक वाटतच नाही. त्यांना वाटतं, त्यांनीच कागद नीट वाचला नसेल. निघताना मला म्हणाल्या, "त्या दवाखान्यातल्या बाईंनी फोन केला असता तर झालं असतं सगळं. लोकं कशी असतात बघा." तुझ्याबद्दल. मी चप्पल घालत होते. मी चप्पल घातली आणि जिना उतरले.

मला तुझं आणि माझं भांडण आठवलं, फॉर्म करताना झालेलं. तुला पहिला प्रश्न हवा होता, "ज्यांच्यासाठी मशीन आहे ते समोर आहेत का? नसतील तर फॉर्म इथेच थांबवा." मी म्हणाले होते, "ताई, तू मालाडला राहतेस. आमच्या गल्लीत औषध न्यायला कुणी स्वतः येत नाही. ज्याचे पाय चालतात तो सगळ्या चाळीचं नेतो. हा प्रश्न ठेवलास तर एकही फॉर्म भरला जाणार नाही, श्रीमंतांचंच होईल हे." तू त्या प्रश्नावर रेघ मारलीस. मग म्हणालीस, "बरं, तुझी माणसं तुला माहीत. पण माणूस आला नाही तर निदान फोनवर त्याच्याशी बोलायचं. बायकोशी नाही, सुनेशी नाही. त्याच्याशी." मी हो म्हणाले.

मी जिंकल्यासारखी घरी गेले होते त्या दिवशी. माझी माणसं मला माहीत.

तो जिना बघितल्यावर वाटतं, काका खरंच आले नसते. पण खाली उतरायला जिना होता तसा मला वर चढायलाही होता. दुकानापासूनचा रस्ता मोजला, सहा मिनिटं.

चेतना


२८ नोव्हेंबर

सुलक्षणाताई,

चारही पत्रं एकत्र पाठवते आहे. आधीची खोडून नीट लिहिली नाहीत. मी कुठे कुठे लपले ते तुला दिसलं पाहिजे.

सोमवारी मी राजेशशेठना सांगितलं. ते बिलं लावत होते, हातातली पिन तशीच राहिली. म्हणाले, "अगं, ट्रस्ट त्या मॅडमला दुसरीकडे बसवेल. शिकलेली बाई आहे, तिला शंभर दवाखाने. तुझं काय? फार्मसी कौन्सिलकडे तक्रार गेली तर तुझं रजिस्ट्रेशन अडकेल. बापाने काय काय करून शिकवलं तुला." ते काही वाईट मनाने म्हणाले नाहीत. पहिल्या पगाराला त्यांनीच पेढे आणले होते. मग त्यांनी भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट काढलं, धूळ पुसली आणि माझ्या हातात दिलं. "उद्यापासून दुसरा फार्मासिस्ट बघतो. पोलिसबिलिस आले तर मला मध्ये घेऊ नकोस." बाबांनी त्या सर्टिफिकेटबरोबर दुकानात उभं राहून फोटो काढला होता. त्या खिळ्याची जागा आता पांढरी दिसते.

मंगळवारी मिथुन मेस्त्री घरी असताना गेले. पांढरी आणि निघताना दुकानातून आणलेली पिवळी शेजारी ठेवून दाखवल्या. फोनचंही सांगितलं. तेजल मध्येच म्हणाल्या, "पण मी नीट सांगितलं नसेल," आणि मी म्हटलं, "नाही, तुम्ही नीट सांगितलं होतं." मिथुननी दोन्ही कागद हातात घेऊन बघितले. मग म्हणाले, "आता काय करू ह्याचं? तुला मारू काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. ते म्हणाले, "त्या मॅडमला मी दवाखान्यात सगळ्यांसमोर बोललो. त्यांच्या आईवरून बोललो." आणि कपाळाला हात लावून बसले. मला त्यांनी अजून माफ केलेलं नाही आणि करतील असं मी धरलेलं नाही.

काकांना काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं. मी उजवीकडे बसून पुन्हा सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे त्या बाईन काय करूक नाय. बरा झाला सांगितलंस." मग उजव्या कानाला बोट लावून म्हणाले, "ह्यो अजून अर्धो आसा. ह्येचा काय होता काय, ता तिका इचार." तो प्रश्न तुझ्यासाठी आहे, मी फक्त पोचवते. तू कुठेही बसत असशील तिथे त्यांना मी घेऊन येईन. जिना ते माझा हात धरून उतरायला तयार आहेत.

ट्रस्टला द्यायचा अर्ज मी बुधवारी लिहिला. दोन पानं झाली. फॉर्म समोर न विचारता दुपारी भरला. "पाठवले" ची खूण २१ दिवसांनी मी केली, कुणी सांगितलं म्हणून नाही. सुलक्षणा परब यांना फोटो पाठवला नव्हता, फोन केला नव्हता, त्यामुळे त्यांनी फोन न करण्याचा प्रश्नच येत नाही. तुझ्या नावाची ती ओळ मी तीनदा लिहिली, कारण अक्षर वाकडं येत होतं. शेवटचा परिच्छेद रविवारच्या फोनचा आहे. तो कुणीच विचारला नव्हता. शेवटी एवढंच लिहिलं की फॉर्म ठेवावा, पहिला प्रश्न सुलक्षणाताई म्हणत होत्या तो घालावा, आणि माणूस येऊ शकत नसेल तर दुकानाने त्याच्याकडे जावं.

काल सकाळी निघण्याआधी मी फळीवरची डबी काढली आणि बाबांपुढे ठेवली. म्हटलं, "घाला. वाचून दाखवायचंय."

त्यांना वेळ लागतो घालायला, बोटं जाड आहेत. आधी उजवं, मग डावं. आईने गॅस बंद केला. मी दोन्ही पानं वाचली, आपण बोलतो तेवढ्याच आवाजात. फोनच्या परिच्छेदाला माझा आवाज खाली गेला, तरी बाबांनी एकदाही "काय?" म्हटलं नाही. संपल्यावर त्यांनी पानं मागितली, उलटून बघितली आणि म्हणाले, "सही राहिलीय."

मी सही केली. ते माझ्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत आले आणि गेटबाहेर थांबले. साडेअकराला मी अर्ज, पांढरी प्रत आणि पिवळी प्रत नानांच्या हातात दिली. त्यांनी पोच दिली. तिची झेरॉक्स ह्या पाकिटात आहे. ह्या वेळी ती नीट आली आहे, एकही ओळ कापलेली नाही. मी बघून घेतलं.

चेतना